मक्याच्या शेतात उगवलेला डोंगर

मुलांनो, शेतात काय काय उगवते असे तुम्हांला विचारले, तर तुम्ही घडाघडा सांगाल. ज्वारी, बाजरी, तूर, कपाशी, भुईमूग. न पेरलेलेही पुष्कळ उगवते. हरळी, लव्हाळा, कुंदा, गाजरगवत. ते उपटता उपटता तुमच्या आईची कंबर मोडते. पण शेतात डोंगर उगवला, असे कधी ऐकले आहे का? तोही आग ओकणारा डोंगर, आणि शेतकरी पेरणीची तयारी करीत असताना त्याच्या डोळ्यांदेखत!

ही कोणी रचलेली गोष्ट नव्हे. ही घडलेली हकीकत आहे. तिचा दिवस ठाऊक आहे, वेळ ठाऊक आहे आणि त्या शेतकऱ्याचे नावही ठाऊक आहे. या वेळी आपण ज्वालामुखीची माहिती घ्यायची ती या शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून. थोरामोठ्यांनीही ऐकावे, कारण शेवटी सांगायची गोष्ट सगळ्यांच्याच उपयोगाची आहे.

पुलिदोचे शेत

मेक्सिको हा देश अमेरिका खंडात आहे, आपल्यापासून फार दूर. पण आपल्या स्वयंपाकघरात तो रोज हजर असतो. मका आणि मिरची ही मूळची तिकडचीच पिके. त्या देशात मिचोआकान नावाचे राज्य आहे. तिथे पारिकुटिन नावाचे एक लहानसे खेडे होते. लोक शेतकरी, मुख्य पीक मका, औताला बैल. म्हणजे आपल्यासारखेच गाव म्हणा ना.

या गावचा शेतकरी दिओनिसिओ पुलिदो. त्याच्या शेतात एक खळगा होता. किती वर्षे तो त्यात माती-दगड लोटीत असे, पण खळगा काही बुजत नसे. १९४३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात त्या भागात जमीन हादरू लागली. आभाळ स्वच्छ असताना जमिनीखालून मेघ गर्जावा तसा गडगडाट येई. धक्के रोज वाढत गेले. लोक घाबरले, पण कामधाम सोडून बसणार कोण? पेरणीचे दिवस जवळ आले होते.

२० फेब्रुवारी १९४३. दुपारचे चार वाजून गेले होते. पुलिदो, त्याची बायको पाउला, मुलगा आणि एक गडी असे सारे शेतात होते. पुलिदो शेतातला काडीकचरा पेटवायला निघाला, तेव्हा त्याला जमिनीत एक भेग दिसली. भेग फार खोल नव्हती. तेवढ्यात गडगडाट झाला, झाडे थरथरली आणि त्याच्या समोर जमीन भाकरीसारखी फुगून दोन-अडीच मीटर वर उचलली गेली. भेगेतून राखाडी रंगाची बारीक धूळ उडू लागली. फूसफूस असा आवाज आणि गंधकाचा उग्र वास सुटला. पुलिदोने देवाचा धावा केला. बायको, मुलगा, बैल कोणीच दिसेना. घोडीवर बसून तो गावाकडे सुटला. गावात बायको-मुलगा सुखरूप भेटले. त्यांना वाटत होते की पुलिदोच गेला.

चोवीस तासांत त्या जागी सुमारे पन्नास मीटर उंच टेकाड तयार झाले. आठवड्याभरात ते शंभर मीटरच्या वर गेले. वर्षाच्या शेवटी उंची भरली ३३६ मीटर. ज्या शेतात मक्याची कणसे डोलायची, तिथे डोंगर उभा राहिला. तो नऊ वर्षे धगधगत होता. १९५२ साली तो शांत झाला तेव्हा भोवतालच्या जमिनीपासून ४२४ मीटर उंच होता. त्याला गावाचेच नाव मिळाले, पारिकुटिन. गाव मात्र उरले नाही.

जमिनीच्या पोटात आहे तरी काय?

आता तुम्ही विचाराल, हा डोंगर आला कुठून? आकाशातून तर पडला नाही. तो आला जमिनीच्या पोटातून.

आपण ज्याच्यावर राहतो ते पृथ्वीचे कवच. जमिनीखाली ते साधारण तीस-चाळीस किलोमीटर जाड असते, समुद्राखाली त्याहून पुष्कळ पातळ. त्याच्या खाली अतिशय तापलेला खडक आहे. पुष्कळांचा समज असा की खाली सगळा उकळता रस भरला आहे आणि आपण त्यावर सायीसारखे तरंगतो. तसे नाही. तो खडक तापलेला असला तरी बहुतेक सगळा घट्टच असतो, कारण वरून भार फार असतो. काही ठिकाणीच तो वितळतो. या वितळलेल्या खडकाला शिलारस म्हणतात. तोच शिलारस जमिनीच्या वर आला की त्याचे नाव लाव्हा.

मेक्सिकोत तो वितळतो कशाने? पृथ्वीचे कवच अखंड नाही. घरात फरशा बसवाव्यात तसे त्याचे प्रचंड तुकडे आहेत, आणि ते वर्षाला काही सेंटीमीटर सरकत असतात. मेक्सिकोच्या किनाऱ्याला समुद्रतळाचा एक तुकडा जमिनीच्या तुकड्याखाली घुसतो आहे. घुसताना तो आपल्याबरोबर पाणी खाली नेतो. हे पाणी तापलेल्या खडकात शिरले की खडक लवकर वितळतो. कुल्फीवाला बर्फात मीठ का टाकतो ते पाहा. मिठाने बर्फ लवकर वितळतो. खडकाच्या बाबतीत पाणी तेच काम करते.

वितळलेला खडक भोवतालच्या खडकापेक्षा हलका होतो, म्हणून वर सरकतो. त्याच्यात वाफ आणि वायू विरघळलेले असतात. सोडावॉटरची बाटली बंद असते तोवर आत गप्प असते. झाकण काढले की दाब कमी होतो आणि फसफसून सारे वर येते. शिलारसाचे असेच होते. वर येता येता दाब कमी होतो, वायू सुटू लागतात, भेग सापडली की सारे उसळून बाहेर पडते. पुलिदोच्या शेतातली ती भेग म्हणजे बाटलीचे तोंड होते, एवढेच.

पण सगळे ज्वालामुखी सारखे नसतात. घरच्या घरी एक प्रयोग करून पाहा. एका वाटीत पाणी घ्या, दुसऱ्या वाटीत घट्ट काकवी घ्या. काकवी थंडच हवी, गरम नको. पपईच्या पानाचा देठ नळीसारखा पोकळ असतो, तो घेऊन दोन्हींत फुंकर मारा. पाण्यात बुडबुडे पटापट येतील आणि फुटतील. काकवीत बुडबुडा मोठा होत होत फुगेल आणि फटकन फुटून तुमच्या सदऱ्यावर शिंतोडे उडतील. लाव्हाचे तसेच आहे. लाव्हा पातळ असला की वायू सहज निघून जातात आणि रस ओढ्यासारखा वाहतो. लाव्हा घट्ट असला की वायू आत कोंडतात आणि मग डोंगराच्या ठिकऱ्या उडतात. म्हणून घट्ट रसाचा ज्वालामुखी अधिक घातकी.

नुकसान करण्याचे चार मार्ग

ज्वालामुखी म्हटले की डोळ्यांसमोर लाल लाव्हा येतो. वाटते, हाच माणसे मारत असेल. प्रत्यक्षात लाव्हा हा चौघांतला सर्वांत मंद.

लाव्हाचा ताप हजार अंशाच्या वर जातो. वाटेत येईल ते तो जाळतो आणि पुरतो. पण बहुतेक वेळा तो इतका हळू सरकतो की चालणारा माणूस त्याच्या पुढे निघून जाऊ शकतो. पारिकुटिनच्या लाव्हाने सुमारे पंचवीस चौरस किलोमीटर जमीन झाकली. पारिकुटिन गाव त्यात गेले. शेजारचे सान हुआन हे मोठे गावही गेले, पण त्या गावापर्यंत यायला लाव्हाला वर्षाहून अधिक काळ लागला. १९४४ च्या मे महिन्यात गावकऱ्यांनी आपल्या देवाची मूर्ती उचलली आणि मिरवणुकीने चालत नव्या जागी गेले. आज त्या जुन्या गावात काय दिसते? काळ्या खडकाचा समुद्र, आणि त्यातून वर डोकावणारा चर्चचा मनोरा. नऊ वर्षांच्या उद्रेकात तीन माणसे दगावली. तीही लाव्हाने नव्हे, राखेच्या ढगात चमकलेल्या विजेने. माणसे वाचली, घरे, शेते आणि विहिरी गेल्या.

दुसरा मार्ग राखेचा. ज्वालामुखीची राख ही चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ती खडकाची आणि काचेची पूड असते. पाण्यात ती विरघळत नाही. डोळ्यांत, छातीत जाते. गवतावर पडते आणि गवताबरोबर जनावरांच्या पोटात जाते, दात झिजवते. पारिकुटिनच्या परिसरात सुमारे साडेचार हजार गुरे आणि पाचशेवर घोडे मेले. शेतकऱ्याच्या घरातले गुरू गेले म्हणजे काय होते, ते तुम्हांला मी सांगायला नको.

पिकाची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. राखेचा थर जिथे जाड होता तिथली शेते बुडालीच. थर पातळ होता तिथे शेतकऱ्यांनी नांगराने खालची माती वर काढली आणि राख तिच्यात मिसळून पुन्हा मका घेतला. नुसत्या राखेत पीक येत नाही. तिच्यात नत्र नसते आणि कुजलेला पालापाचोळाही नसतो. उसाचे तर निराळेच झाले. उसाच्या कांड्यात शिरून पोखरणाऱ्या किडीला खाणारे दुसरे किडे असतात. ते राखेने मेले, आणि पोखरणारी कीड बेसुमार वाढून तिने ऊस फस्त केला. शेतातला प्रत्येक किडा आपला शत्रू नसतो, हे आम्ही शेतीखात्यातली माणसे सांगत असतो. तिथे ते ज्वालामुखीने सांगितले.

राखेचे वजनही लक्षात घ्या. एक घमेले कोरडी माती उचलून पाहा आणि मग तीच माती भिजवून उचला. राख छपरावर साचली आणि वर पाऊस पडला की छप्पर खाली येते.

तिसरा मार्ग सर्वांत भयंकर. घट्ट रसाचा डोंगर फुटतो तेव्हा तापलेली राख, दगड आणि वायू यांचा जळता लोट उतारावरून खाली येतो. त्याचा वेग मोटारीला मागे टाकतो. त्याच्यापुढे पळून कोणी वाचत नाही. वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर माँ पले नावाचा ज्वालामुखी आहे. ८ मे १९०२ रोजी सकाळी त्यातून असा लोट निघाला आणि सां पिएर हे शहर काही मिनिटांत संपले. सुमारे अठ्ठावीस हजार माणसे गेली. शहरात वाचले ते बोटांवर मोजण्याइतके.

चौथा मार्ग चिखलाचा. उंच ज्वालामुखीच्या माथ्यावर पुष्कळदा बर्फ असतो. उद्रेकाने तो वितळतो, पाणी राख-माती-दगड घेऊन नदीच्या पात्रातून धावत सुटते. ओल्या सिमेंटसारखा हा लोंढा डोंगरापासून कितीतरी कोसांवरच्या गावाला गाठतो. तिथून डोंगर दिसतही नसेल, पण नदी तर तिथूनच आलेली असते.

एक गाव गेले, दुसरीकडे गावे वाचली

मुलांनो, आता दोन हकिकती सांगतो. त्या नीट ऐका.

दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशात नेवादो देल रुइस नावाचा बर्फाच्छादित ज्वालामुखी आहे. त्याच्या खालच्या खोऱ्यात आर्मेरो हे गाव होते. जमीन सुपीक. भात पिके, कापूस पिके. कापसामुळे त्याला लोक पांढरे शहर म्हणत. जमीन सुपीक का, तर जुन्या काळी याच डोंगरातून आलेल्या चिखलाने ती तयार झाली होती. १८४५ साली तसाच लोंढा येऊन सुमारे हजार माणसे मेली होती. पण दीडशे वर्षांत आठवण पुसट होते. गाव पुन्हा तिथेच वसले.

१९८५ साली डोंगर पुन्हा धुमसू लागला. शास्त्रज्ञांनी पाहणी केली आणि ऑक्टोबरमध्ये नकाशा तयार केला. चिखल कुठवर येईल ते त्यात दाखवले होते, आणि त्या पट्ट्यात आर्मेरो होते. पण नकाशा कागदावर राहिला. खर्च कोणी करायचा, लोकांना उठवायचे कोणी, खोटे ठरले तर काय, यात दिवस गेले. १३ नोव्हेंबरला दुपारी डोंगरावर स्फोट झाला, संध्याकाळी गावावर राख पडू लागली. लोकांना सांगण्यात आले की घाबरू नका, घरात राहा. रात्री नऊच्या सुमारास मोठा उद्रेक होऊन बर्फ वितळला. लोंढा गावात पोहोचला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. म्हणजे मध्ये अडीच तास होते. गावाजवळच उंचवटा होता. अडीच तासांत म्हातारे माणूसही तिथे चालत गेले असते. पण लोक घरांत होते, पुष्कळजण झोपले होते. त्या रात्री सुमारे तेवीस हजार माणसे गेली, त्यांतली वीस हजारांहून अधिक एकट्या आर्मेरोची.

दुसरी हकीकत फिलिपाईन्सची. तिथे पिनातुबो नावाचा डोंगर होता. सुमारे पाचशे वर्षे तो गप्प होता. हा ज्वालामुखी आहे हे पायथ्याच्या गावकऱ्यांना सांगूनही पटत नसे. २ एप्रिल १९९१ रोजी त्यातून वाफेचे स्फोट सुरू झाले. तिथले आणि अमेरिकेचे शास्त्रज्ञ यंत्रे घेऊन धावले. धक्के मोजले, वायू मोजला. त्यांनी धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या. आज पायरी कितवी, ते लोकांना कळवीत गेले. जळता लोट आणि चिखल म्हणजे काय ते समजावे म्हणून गावोगावी त्याची फीत दाखवली. आधी दहा किलोमीटरच्या आतली गावे उठवली, मग वीस, मग तीस, शेवटी चाळीस. १५ जून १९९१ रोजी डोंगर फुटला. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी हा एक. त्याच दिवशी वादळ येऊन राखेवर पाऊस पडला आणि छपरे कोसळून शेकडो माणसे गेली. तरीही वेळेवर उठवल्यामुळे निदान पाच हजार जीव वाचले असा अंदाज आहे.

पिनातुबोचा उद्रेक रुइसच्या उद्रेकाहून कितीतरी पटीने मोठा होता. तरी मेले ते रुइसच्या पायथ्याला. म्हणजे माणसे किती मरतील हे एकट्या डोंगरावर ठरत नाही. इशारा वेळेवर निघाला का, तो लोकांच्या भाषेत पोहोचला का, आणि लोक उठले का, यावर ते ठरते.

आपल्या पायाखाली काय आहे?

आता तुमच्या मनातला प्रश्न. आपल्या शेतात असे होईल का?

भिण्याचे कारण नाही. आपल्या महाराष्ट्रात आज जिवंत ज्वालामुखी एकही नाही. भारतातला जागता ज्वालामुखी आहे तो अंदमानच्या समुद्रात, बॅरन बेटावर, आणि त्या बेटावर माणसांची वस्ती नाही. लोणारचे सरोवर ज्वालामुखीचे तोंड आहे असे काहीजण सांगतात. तसे नाही, आकाशातून पडलेल्या उल्केच्या आघाताने ते झाले. वज्रेश्वरीची गरम कुंडे हीही ज्वालामुखीची खूण नव्हे. पाणी भेगांतून खोल उतरते, तिथे तापते आणि वर येते.

पण फार फार पूर्वी गोष्ट वेगळी होती. ज्वालामुखीला दर वेळी डोंगरच लागतो असे नाही. कधी जमीन लांबच लांब फाटते आणि त्या भेगेतून लाव्हा वाहतो. आइसलंड देशात १७८३ साली लाकी येथे अशी भेग उघडली. आठ महिने ती वाहत होती. तिच्यातून निघालेले विषारी वायू गवतावर उतरले. ते गवत खाऊन देशातली निम्मी गुरे आणि दहांतल्या आठ मेंढ्या मेल्या. मग दुष्काळ पडून देशातला पाचातला एक माणूस गेला. हे सारे एका भेगेमुळे झाले.

आपल्या दख्खनमध्ये साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशा भेगांतून लाव्हा वाहिला, लाकीहून हजारो पटींनी अधिक. तेव्हा इथे माणूस नव्हता. एक थर यायचा, थिजायचा, मग पुष्कळ काळाने दुसरा. असे थरावर थर बसून सह्याद्री झाला. घाटात कड्यांकडे पाहा, पायऱ्या-पायऱ्या दिसतील. त्या या थरांच्याच. कळसूबाईचे १६४६ मीटर उंच शिखरही लाव्हाचेच, आणि वेरूळ-अजिंठ्याची लेणी कोरली तीही याच खडकात. तुमच्या आजीचा पाटा-वरवंटा काळ्या दगडाचा असेल, तर तो बहुधा थिजलेला लाव्हाच समजा. विहीर खणताना दगडात पांढरे चकचकीत खडे सापडतात ना? लाव्हा थिजताना त्यात बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत मागाहून हे खडे तयार झाले.

हाच काळा पाषाण ऊन, पाऊस आणि झाडांच्या मुळांनी झिजत झिजत आपली काळी माती झाली. ज्या मातीत कापूस पिकतो, जी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाने फुगते, ती हीच. म्हणून कोणी म्हणतात, ज्वालामुखी जमीन सुपीक करतो. ते खरे आहे, पण अर्धे. राख हलकी आणि भुसभुशीत असते, ती काही वर्षांत झिजून मातीत मुरू लागते. थिजलेल्या लाव्हाला मात्र हजारो वर्षे लागतात. ज्याच्या शेतावर लाव्हा आला त्याला, त्याच्या मुलाला, नातवाला आणि पणतवालाही त्यात कुदळ मारता येत नाही. मिचोआकानच्या जुन्या ज्वालामुखीच्या मातीत आज ॲव्होकॅडो नावाच्या फळाच्या मोठमोठ्या बागा आहेत. पण पुलिदोचे शेत पुलिदोला परत मिळाले नाही. १९४९ साली तो वारला, तेव्हाही डोंगर धगधगतच होता.

सान हुआनच्या लोकांनी नव्या जागी नवे सान हुआन वसवले. सामाईक जंगल राखून त्यावर लाकूडकाम आणि इतर धंदे उभे केले. गाव गेले तरी माणसे एकत्र राहिली, म्हणून गाव पुन्हा झाले.

मुलांनो, आपल्याकडे लाव्हा येणार नाही. पण पूर येतो, वीज पडते, डोंगराचा कडा सुटून घरांवर येतो. धरणातून पाणी सोडणार, नदीकाठची जनावरे हलवा, अशी दवंडी पिटली जाते. हल्ली मोबाइलवरही निरोप येतो. तेव्हा घरात कोणीतरी म्हणतोच, गेल्या वर्षीही असेच सांगितले होते, काही झाले नाही. त्या वेळी तुम्ही आर्मेरोचे ते अडीच तास आठवा आणि घरातल्या माणसांना त्यांची गोष्ट सांगा. आधी दावे सोडा, गुरे वर हाका, म्हाताऱ्या माणसांचा हात धरा. इशारा खोटा ठरला तर एक रात्र जागरण होईल, एवढेच. खरा ठरला तर सारे घर वाचेल.

आणि आता तुमचा या वेळचा गृहपाठ. आजोबांना किंवा गावातल्या जुन्या विहीर खणणाऱ्याला विचारा, आपल्या विहिरीत माती किती हात होती, मुरूम किती हात होता आणि काळा पाषाण कितव्या हातावर लागला. वहीत विहिरीचे चित्र काढून ते थर दाखवा. शेजारच्या दोन विहिरींचेही काढा आणि ताडून पाहा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा तुमच्या घरापासून किती हात खोल आहे, ते तुम्हांलाच कळेल.